गुडघ्यावरचे पाच डाग

माझ्या उजव्या गुडघ्यावर पाच डाग आहेत. चार बाजूंना चार आणि एक वाटीच्या जरा खाली. लग्नानंतर नणंदेनं विचारलं, लहानपणी देवी आल्या होत्या का? मी म्हटलं, देवी कसल्या, आमचे बाबा आले होते. ती हसली. मग तिला बसवून सगळं सांगितलं.

पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. चौथीतलं एखादं पोर पाय दुखतात म्हणून वर्गात रडायला लागलं की त्याची आई सांगते, वाढीचं वय आहे, दुखणारच. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मी त्या आईला दोन प्रश्न विचारते. महिन्याभरात याचा घसा दुखला होता का? आणि सांधा सुजलाय का? उत्तर हो आलं तर मी तिला घरी जाऊ देत नाही, आधी दवाखान्यात पाठवते. शाळेत माझी यावरून थट्टा होते. होऊ दे.

उतरून राह्यलं

सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी चौथीत होते. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या देवळीपासून चार मैलांवर. थोडी कपाशी, बाकी सगळा भाजीपाला. वांगी, मेथी, सांभार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभारच म्हणतात. मी अभ्यासात बेताची होते, पण धावण्यात मला पोरंही गाठू शकत नव्हती. दरवर्षी माय माझा फ्रॉक शिवताना खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची. वाढत्या अंगाचा फ्रॉक. सहा महिन्यांनी ती दुमड उसवायची आणि फ्रॉक पुन्हा गुडघ्याखाली यायचा.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास माझा घसा धरला. माठाच्या बाजूला उभं करून मायनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, हळदीचं दूध पाजलं. चार दिवसांत मी बरी झाले आणि सगळे घसा विसरून गेले. वीसेक दिवसांनी उजवा गुडघा सुजला. अंगात ताप होता. पाय टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं.

बाबा गावात बैलांचं बघायचे. बैल लंगडायला लागला की लोक बाबांकडे आणत. बाबा बिब्बा तापवून त्याचं तेल सुईच्या टोकावर घेत आणि सांध्याभोवती ठिपके देत. चामडी उतायची, बैल चार दिवस खुंट्याला बांधून ठेवायचा, आणि बहुतेक बैल बरे व्हायचे. बाबांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे, बाबांनाही तसंच वाटायचं. कधी कधी माणसंही येत, कंबर धरली, खांदा आखडला म्हणून.

"वात बसला गुडघ्यात," बाबा म्हणाले. "मोत्या बैलाच्या पायात असाच बसलता. एका बिब्ब्यानं उतरते."

"पोरीच्या जातीले डाग राह्यते," माय म्हणाली.

"गुडघ्यावर कोन पाह्यते?"

मला ओट्यावर बसवलं. मायनं माझे हात धरले. पाच ठिपके दिले. पहिले दोन लागले तेवढे आठवतात, बाकीचे तीन नाही आठवत. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आले आणि त्यातून पाणी गळायला लागलं.

आणि गुडघा उतरला. हे मला स्पष्ट सांगितलंच पाहिजे, कारण सगळा घोळ इथेच आहे. तिसऱ्या दिवशी गुडघ्याची सूज खरोखर कमी झाली. मी पाय हलवायला लागले. बाबा मायला पुन्हापुन्हा दाखवत राहिले. मग डावा घोटा सुजला. दुसऱ्या कुणी माघार घेतली असती, पण बाबांना तो पुरावाच वाटला. "पाह्य," ते मायला म्हणाले, "गुडघ्यातून उतरून राह्यलं. घोट्यात आलं. अजून खाली गेलं की पायातून निघून जाते, समजजो."

घोट्यालाही बिब्बा लावला, पण वरवर. तो डाग राहिला नाही. घोटाही तीन-चार दिवसांत उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. नऊ वर्षांच्या मुलीला बापाचं औषध लागू पडतंय याच्यापेक्षा मोठा आधार कोणता असणार.

मग आठेक दिवसांनी उजवं मनगट सुजलं.

माय भाकरी थापत होती. तिनं माझा हात पाहिला, पीठ तसंच ठेवलं आणि बाबांना विचारलं, "खाली उतरून राह्यलं म्हनता. मंग हे हातात कसं चढलं?"



हलणारा फ्रॉक

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून बसूनच राहायची. माय केस विंचरायला आली आणि फणी हातात घेऊन माझ्या छातीकडे बघत राहिली.

"अजी, इकडं या," तिनं बाबांना हाक मारली. "हिचा फ्रॉक पाहा. हालून राह्यला."

वारा नव्हता. माझं काळीज इतकं जोरात चाललं होतं की वरचं कापड थडथड उडत होतं. मी खाली मान घालून बघितलं तर मला मजाच वाटली. मायला वाटली नाही. ती म्हणाली, "हिले आजच वर्ध्याले न्याचं. तुमी याल त या, नाई त मी अन् पोरगी."

देवळीपर्यंत बैलांची बंडी, तिथून बस. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला दुपार झाली. तपासायला एक डॉक्टरीणबाई होत्या, चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या. पुढे दहा वर्षं मी त्यांच्याकडेच जात राहिले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "हिचा घसा कधी दुखला होता?"

"घशाचं काई नाई, बाई," बाबा म्हणाले. "गुडघ्याचं हाय."

"दुखला होता का पण?"

"पोळ्याले दुखलता," माय म्हणाली.

"आणि सांधे किती दिवसांपासून?"

"तीन-चार," बाबा म्हणाले.

"अठरा," माय म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि माझा फ्रॉक गुडघ्यावर सारला. पाच फोडांच्या खपल्या. "हे काय?"

मी बाबांकडे बघितलं. माझा बाप गावात कुणालाही न घाबरणारा माणूस. तो तिथे टोपी हातात घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा मला ओळखू येईना.

"चुलीजवळ भाजलं," बाबा म्हणाले. "ठिणग्या उडाल्या."

माय गप्प बसली. मीही गप्प बसले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या गुडघ्याची हीच गोष्ट झाली. कुणीही विचारलं की माय सांगायची, चुलीजवळ भाजलं, आणि सांगताना तिची नजर बाबांवरून एकदा फिरून यायची.

बराच वेळ छाती ऐकून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. घशाच्या एका दुखण्यानंतर काही मुलांमध्ये हा आजार येतो, आठ-दहा वर्षांच्या वयात जास्त. "सांध्यांची काळजी करू नका, ते बरे होतील. हे दुखणं फिरतंच. काही लावा, न लावा, दोन-चार दिवसांनी एक सांधा सोडतं आणि दुसरा धरतं. धोका हृदयाला असतो. हिच्या हृदयातली एक झडप सुजली आहे, नीट मिटत नाही."

"झडप म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"रक्त पुढे जाऊ देते आणि मागे येऊ देत नाही, ती."

आमच्या विहिरीत पाण्याच्या पाइपाच्या बुडाशी अशी झडप होती. ती खराब झाली की इंजिन कितीही चालवा, वर आलेलं पाणी परत विहिरीत. बाबांनी ती कितीदा काढून दुरुस्त केली होती. त्यांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं आमच्यापेक्षा जास्त कळलं.

"काई लावा न लावा, फिरतेच?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"फिरतंच."

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

वॉर्ड

सात आठवडे. खाटेवरून उतरायचं नाही, हा एकच नियम. संडासलासुद्धा नाही. गावभर उधळणाऱ्या मुलीला ही शिक्षा गुडघ्यापेक्षा मोठी होती. केरळची एक सिस्टर होती, तिला मराठी यायचं नाही आणि मला हिंदी अर्धंमुर्धं. मी एक पाय खाली सोडला की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, "कुंदा, पैर ऊपर." तिला डोक्यामागे डोळे होते अशी माझी खात्री होती.

गोळ्या पोटभर. त्यांनी कानात सतत गुणगुण व्हायची, जसं कुणी शेजारच्या घरात जातं फिरवतंय. जेवण जवळजवळ अळणी. बाबा दर दोन-तीन दिवसांनी यायचे आणि सिस्टरसाठी वांगी आणायचे, पिशवीभर नाही, पोतंभर. "पेशंट को बैंगन नहीं चलता," ती सांगायची. "पेशंटले नाई, तुमाले," बाबा सांगायचे. शेवटी स्वयंपाकघरानं ती वांगी घ्यायला सुरुवात केली. मला वाटतं, बाबांना काहीतरी देऊन टाकायचं होतं आणि त्यांच्याकडे वांगीच होती.

मला भीती वाटायची ती हसण्याची. झडप नीट मिटत नाही, हे मी ऐकलं होतं. जोरात हसलं तर ती उघडीच राहील असं मी ठरवून टाकलं होतं. कुणाला विचारलं नाही. हसू आलं की ओठ दाबून धरायची. चार-पाच दिवसांनी सिस्टरच्या लक्षात आलं आणि तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या कानाला नळी लावली आणि दुसरं टोक माझ्याच छातीवर ठेवलं. ठोका, आणि त्याच्या पाठोपाठ फुस्स असा बारीक आवाज. "हा आवाज आहे झडपेचा," त्या म्हणाल्या. "आता हस." मी खोटं खोटं हसले. फुस्स तसंच चालू होतं, बंद पडलं नाही. त्यानंतर मी हसायला लागले. इतक्या वर्षांत कुणा डॉक्टरनं माझ्यासाठी केलेली सगळ्यांत चांगली गोष्ट तीच.

माय माझ्याजवळ राहिली. ती आणि बाबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त कामापुरतं बोलायचे. ताट आणलं का, बस किती वाजता, बैलाले पानी पाजलं का.

सुटी झाली तेव्हा गोळ्यांनी माझे गाल टम्म फुगले होते. गावातल्या बाया बघायला आल्या आणि म्हणाल्या, पोरगी केवढी भरली, दवाखाना मानवला हिले. माय हो हो म्हणाली. मला चार पावलं चालून दम लागत होता.

मेथीचा वाफा

घरी यायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी एक कार्ड दिलं. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, देवळीच्या दवाखान्यात घेतलं तरी चालेल. किती दिवस? मोठी होईपर्यंत. "घसा पुन्हा बिघडला की हा आजार पुन्हा येतो, आणि दर वेळी झडपेचं आणखी नुकसान करतो. इंजेक्शन त्यालाच अडवतं. एकही चुकवायचं नाही."

बाबांना अक्षरओळख नव्हती. कार्डावरच्या तारखा त्यांना वाचता येत नव्हत्या आणि त्या बाबतीत त्यांना कुणावर विसंबायचं नव्हतं. त्यांनी आपली सोय केली. इंजेक्शन घेऊन आलो त्याच दिवशी विहिरीजवळच्या एका वाफ्यात मेथी पेरली. एकवीस दिवसांत मेथी बोटाएवढी होते. खरं तर उपटायला अजून आठवडा हवा असतो, पण बाबा एकविसाव्या दिवशी ती उपटायचेच. माझं इंजेक्शन आणि बारक्या मेथीच्या जुड्या एकाच दिवशी देवळीला जायच्या. उन्हाळ्यात मेथी धरत नाही, तेव्हा त्या वाफ्यात अंबाडी. बाजारातल्या बाया म्हणायच्या, भाऊराव, काऊन पोरवयाची मेथी आनता? बाबा म्हणायचे, लागते मले.

इंजेक्शन कसं असतं ते ज्यांनी घेतलं त्यांना माहीत आहे. आधी हातावर थोडंसं टोचून अर्धा तास बसवायचे. मग ते दुधासारखं पांढरं औषध जाड सुईनं कमरेखाली. कधी सुई मध्येच तुंबायची आणि पुन्हा टोचावं लागायचं. दोन दिवस त्या कुशीवर झोपता यायचं नाही, चालताना पाय ओढत चालायचं.

एक वर्ष शाळा बुडाली. धावणं बंद. माझ्या बरोबरीच्या मुली पाचवीत गेल्या, माझ्यापेक्षा उंच झाल्या. त्यांच्या फ्रॉकांच्या दुमडी उसवल्या गेल्या, त्या मुली नवे फ्रॉक शिवून बसल्या. माझ्या फ्रॉकातली चार बोटं तशीच आत राहिली. पुढच्या फ्रॉकांतलीही. माय दर सणाला ती दुमड हातानं चाचपून बघायची आणि सोडून द्यायची.

मी काय केलं

हा भाग मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा तब्येत ठीक होती. शाळा पुन्हा सुरू झाली होती. कपाशीच्या निंदणीचे दिवस होते आणि बाबांना मळा सोडता येईना. "जाशीन एकटी?" त्यांनी विचारलं. मी जाईन म्हटलं. मेथीच्या जुड्या पोचवायच्या आणि दवाखान्यात जायचं.

दवाखान्यात रांग होती. कंपाउंडर भांड्यात सुया उकळत होता. मी तो वाफ येणारा डबा बघितला आणि मला वाटलं, मला काही झालेलं नाही. गाल खाली गेले, सांधे दुखत नाहीत, दम कमी लागतो. मग हे कशाला? मी बाहेर आले आणि बसस्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. कार्डावर मी निळ्या शाईनं तारीख टाकली. कंपाउंडरची सही म्हणजे एक वेलांटी आणि खाली रेघ, ती गिरवली. माझं अक्षर चांगलं होतं. घरी येताना वेशीपासून पाय ओढत आले. दोन दिवस डाव्या कुशीवर झोपले नाही.

बाबांनी वाफ्यात मेथी पेरली.

एकवीस दिवसांनी मी पुन्हा तसंच केलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी घसा धरला, आणि मग ताप, आणि मग मनगट. या वेळी कुणी बिब्ब्याचं नाव काढलं नाही. त्याच दिवशी वर्ध्याला. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली आणि नळी कानातून काढायला वेळ लावला. झडप आणखी बिघडली होती. त्यांनी कार्ड मागितलं. "इंजेक्शन चुकलं होतं का?"

"एकबी नाई," बाबा म्हणाले. ते ताठ उभे होते. "एकविसावा दिवस कधी हुकला नाई, बाई. वाफ्यात पेरतो मी."

डॉक्टरीणबाईंना ते वाफ्याचं काही कळलं नाही. त्यांनी कार्डावरच्या तारखा बघितल्या, माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होते. त्यांनी कार्ड परत दिलं.

वॉर्डात बाबा खाटेच्या पायथ्याशी बसले होते. माय पाणी आणायला गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "बिब्ब्याचं इख राह्यलं असन आतमंदी. सुया घेऊनबी निंगलं नाई. म्याच घातलं ते."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बारा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. दोन शब्दांचं काम होतं. पण बाबांचा तो चेहरा, पहिल्यांदा टोपी हातात घेऊन उभे राहिले होते तेव्हाचा, मला आठवला आणि मला वाटलं, आता माझाही तसाच होईल. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. त्यानंतर मी एकही इंजेक्शन चुकवलं नाही, पण बोललेही नाही. बाबांनी बैलांचं चालू ठेवलं, माणसांना बिब्बा लावणं सोडलं. कुणी कारण विचारलं की म्हणायचे, हात थरथरते आता. हात अजिबात थरथरत नव्हता.

पंधराव्या वर्षी मी एकदम वाढले. मायनं त्या दिवाळीला दुमड उसवली, आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघालं, कारण ते कधी उन्हात आलंच नव्हतं. ती ते कापड डोळ्याला लावून थोडी रडली. मग म्हणाली, आता तुले फ्रॉक कायले, लुगडंच लागन. मीही रडले, पण माझं कारण तिला माहीत नव्हतं.

मंदा

ऐंशीचं दशक सुरू झालं होतं. मी वर्ध्याला शिक्षिकेचा कोर्स करत होते आणि सुटीत घरी आले होते. शेजारच्या शेवंताकाकू त्यांच्या मंदाला कडेवर घेऊन आल्या. आठ वर्षांची पोर कडेवर, म्हणजे काय ते मला बघताक्षणीच कळलं. ताप होता. डावा गुडघा पावासारखा फुगलेला.

"भाऊजी, बिब्बा लावून द्या," काकू म्हणाल्या. "तुमच्या हाताले गुन हाय. तुमी सोडलं हे मले माईत हाय, पन लेकराचं दुखनं पाह्यवत नाई."

बाबा मंदाच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला हाक मारली. "कुंदा, इकडं ये. गुडघा दाखव."

मला राग आला. साडी नेसायला लागून दोन-तीनच वर्षं झाली होती, आणि तो गुडघा मी कुणाला दाखवत नसे. पण बाबांचा आवाज असा होता की मी साडी वर केली.

"चुलीनं नाई भाजलं," बाबा म्हणाले. "म्या बिब्बा लावला. अठरा दिवस वाया घातले. थे अठरा दिवस हिच्या काळजाले लागले. डॉक्टरनीले खोटं सांगतलं म्या. लेकराले आजच्या आज वर्ध्याले ने, शेवंता."

माय दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

काकू गोंधळल्या. त्यांनी मंदाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पन भाऊजी, मंग तुमी त वर्ध्याले नेलंच न हिले. सुया टोचल्या. मेथीच्या वाफ्यावर मोजून टोचल्या, साऱ्या गावाले माईत हाय. तरीबी तीन वर्सांनी पोरगी पुन्हा खाटेवर पडलीच. मंग काय उपेग त्या सुयांचा?"

"थे बिब्ब्याचं इख होतं," बाबा म्हणाले. "माह्याच हातचं."

काकू मान हलवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की त्यांचं ठरत चाललंय. बिब्बा लावा नाहीतर सुया टोचा, व्हायचं ते होतं. मग वर्ध्यापर्यंत कशाला जायचं? मंदा आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. तिच्या पोलक्याची चुणी छातीवर बारीक बारीक हलत होती.

"काकू, विष नव्हतं," मी म्हटलं. "मी दोन इंजेक्शनं घेतलीच नव्हती."

 मी पुढे सांगितलं, कारण आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. बसस्टँडचा बाक सांगितला. कार्डावरच्या दोन सह्या माझ्या, हे सांगितलं. पाय ओढत घरी आले ते सांगितलं. "इंजेक्शनं घेतली तोवर मला काही झालं नाही. सोडली आणि दोन महिन्यांतच झालं. त्यानंतर परत घेतली आणि आज इतकी वर्षं मी तुमच्यासमोर उभी आहे. बाबांचा वाफा चुकला नव्हता. मी चुकवलं."

शेवंताकाकूंनी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बसले होते, उंबऱ्यावर.  मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

"बंडी जुंपतो," ते म्हणाले. "शेवंता, लेकरासाठी गोधडी घे."

बंडीत मंदा माझ्या मांडीवर होती. काकू मागे बसल्या होत्या. गाव सुटलं, नाला ओलांडला. मग मागे न बघता बाबांनी विचारलं, "लंगडत आलती न तू?"

"हो."

"दोनी खेपा?"

"दोन्ही खेपा."

"मले वाटलं, कंपाउंडरनं सुई वाकडी खुपसली." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "बाजाराच्या दिवशी गेलतो त्याच्याकडं. लई बोललो त्याले. चार मान्साईत बोललो. त्यानं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं."

मला हसू यायला लागलं आणि रडूही. त्या माणसानं माझ्यापायी माझ्या बापाचं बोलणं ऐकून घेतलं होतं आणि सहा वर्षं मला ते ठाऊकच नव्हतं. मी बाबांच्या पाठीला म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

"माहंबी," बाबा म्हणाले.

देवळीला दवाखान्यावरून जाताना त्यांनी बंडी थांबवली. मंदाला ताप होता, बस गाठायची होती, तरी थांबवली. आत जाऊन ते दोन मिनिटांत बाहेर आले. त्या कंपाउंडरशी काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कंपाउंडर मात्र दारापर्यंत आला आणि मला बघून त्यानं मान हलवली.

मंदा वर्ध्याला पाच आठवडे राहिली. तिच्या झडपेला फारसं लागलं नव्हतं. वेळेत आली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी झडप आजही थोडी गळते. मी जिने सावकाश चढते, वर्षातून एकदा छाती ऐकवून येते, दोन मुलं वाढवली, शेकडो शिकवली.

मंदा इंजेक्शन घेऊन घरी आली त्या दिवशी तिच्याबरोबर वर्ध्याहून मीही आले, आणि संध्याकाळी विहिरीकडे गेले. बाबा वाकून वाफा करत होते. माझ्या वाफ्यात मेथी चार बोटं वर आली होती. तिच्या शेजारी त्यांनी दुसरा वाफा काढला होता, मऊ माती, सरळ कडा. त्यांनी ओटीतले दाणे मुठीत घेतले आणि माझ्यासमोर हात धरला.

"हा मंदीचा," ते म्हणाले. "पेर."